पडदा ओढणाऱ्यांसाठी एक प्रयोग

लग्न होऊन मी खामगावला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवंच होतं. माहेर देऊळघाटचं, घरात सगळे शेतीत. यात्रेतली भारुडं सोडली तर नाटक म्हणून मी काही पाहिलेलं नव्हतं. आमचे हे एका अडत्याकडे लिहिण्याच्या कामाला होते आणि गावातल्या नाट्यमंडळात लहानसहान भूमिका करायचे. कधी पोस्टमन, कधी शेजारी, कधी नुसता पोलीस. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यातच माझं अर्धं घर मंडळाचं झालं. खुंटीवर पोलिसाचा डगला, आणि फडताळात मिठाच्या बरणीशेजारी मिशा चिकटवायचा डिंक.

मंडळाला स्वतःची जागा नव्हती. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची मोठी शेड रिकामी व्हायची, आणि मालक ती उन्हाळाभर वापरू द्यायचे. कितीही झाडली तरी कोपऱ्यांतून सरकी निघायची. कुणी जोरात पाय आपटला की कापसाचे तंतू हवेत उडायचे आणि ऐन रडण्याच्या प्रसंगी नायिकेला शिंक यायची. तरी आम्हाला ती शेड फार आवडायची.

मंडळाचे अध्यक्ष गावातले एक वयस्कर डॉक्टर होते. मुख्य भूमिका करायचे ते वकीलसाहेब. आवाज मोठा, उंची चांगली, आणि राग नाकावर. मंडळाची बैठक आमच्याच घरी व्हायची, कारण आमची ओसरी मोठी होती आणि चहा करायला मी होते.

अशाच एका बैठकीत विषय निघाला तो माणसांचा. मागच्या प्रयोगाला सतरंज्या टाकायला कुणी आलं नव्हतं. लोकांनी तिकीट काढून आत येऊन स्वतःच्या हातानं सतरंज्या उलगडल्या होत्या. पाण्याचे माठ भरलेले होते, पण पाणी द्यायला कुणी नव्हतं. पडदा ओढणारा तर आदल्या प्रयोगापासून येतच नव्हता.

वकीलसाहेब म्हणाले, "आता पूर्वीसारखी सेवाभावी माणसं राहिली नाहीत."

मी कपबशा उचलत होते. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "माणसं आहेत हो. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक, सूनबाई?"

मी म्हणाले, "भाजीबाजारात भेटतात ना मला. नळावर भेटतात. नाटक कधी आहे म्हणून मलाच विचारतात. तुमचा निरोप जातो तो प्रयोगाच्या दिवशी दुपारी, या म्हणून. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही."

डॉक्टर हसले. म्हणाले, "मग हे काम तुमच्याकडेच. माणसं बोलवायची, कामं वाटायची, आणि ती टिकतील असं बघायचं."

मला वाटलं, थट्टा करतात. पण जाताना त्यांनी उंबऱ्यात उभं राहून पुन्हा विचारलं, "घेतलं ना?" मी हो म्हणाले.

सगळ्यात आधी मी पडदा ओढणाऱ्या भाऊंकडे गेले. ते रेल्वेत सांधेवाले होते, गाडीसाठी रूळ बदलून द्यायचे. जलंबहून येणाऱ्या गाडीच्या वेळा सांभाळून ते मंडळात यायचे. स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मी गेले तेव्हा ते अंगणात बाजेचा सुंभ ओढत बसले होते. त्यांच्या बायकोनं मला बसायला पाट दिला आणि गुळाचा चहा टाकला.

"भाऊ, येत का नाही तुम्ही?" मी विचारलं.

ते सुंभ ओढत राहिले. बायकोच आतून म्हणाली, "सांगा ना आता. घरात तं रोज सांगता."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. वकीलसाहेब नाटकात म्हातारा बाप व्हायचे. शेवटच्या प्रवेशात कितीतरी वर्षांनी लेक दारात येते, बाप तिच्याकडे पाहत राहतो, आणि मग एकच वाक्य बोलतो. त्या दिवशी साहेब पाहत राहिले, आणि वाक्याच्या आधीच पडदा पडला. वकीलसाहेबांनी आत येऊन सगळ्यांसमोर भाऊंना वाट्टेल तसं बोलून घेतलं.

"आता मले सांगा वहिनी," भाऊ म्हणाले, "मी जिथं उभा राह्यतो तिथून साहेबाचं तोंड दिसत नाही. इतके खेळ झाले, मी त्यायचा फक्त डावा कान पाह्यला. मले आवाजावर दोर ओढा लागते. साहेब चूप झाले, मले वाटलं झालं नाटक. थे तोंडानं काय करून राह्यले होते, मले काय मालूम?"

"तुम्ही नाटक समोरून कधीच पाहिलं नाही?"

"समोरून काऊन पाह्यन? दोर कोन धरन?"

त्यांची बायको चहा घेऊन बाहेर आली. "अन् मी तं आडवं बी नाही पाह्यलं," ती म्हणाली आणि हसली.

त्या दिवशी मी त्यांना या म्हणून आग्रह केला नाही. चहा प्यायले, सुंभाचं दुसरं टोक थोडा वेळ धरलं आणि परत आले. पुढच्या आठवड्यात भाऊ स्वतःच तालमीला येऊन मागच्या बाकावर बसले.

असं करत करत मी बऱ्याच घरी गेले. प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा राग, पण मूळ तेच. झगे शिवणाऱ्या बायकांना मापं मिळायची, पण तो झगा कुणी आणि कोणत्या प्रसंगी घालायचा हे कुणी सांगत नव्हतं. सतरंज्या आणणाऱ्या तेलगिरणीतल्या दोघा भावांना लोक नावानं नाही, "ए सतरंजी" म्हणून हाक मारायचे. मी एवढंच केलं की तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. नाटकाची गोष्ट काय आहे ती त्यांना दिग्दर्शकांकडून ऐकवली. ज्याला जे काम आवडतं ते त्याला दिलं, आणि नव्या माणसाला नेहमी जुन्या माणसाच्या जोडीला लावलं. फार मोठं काही नव्हतं ते. पण माणसं येऊ लागली.

त्यातच मास्तरीणबाई आल्या. नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांच्या सासरच्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. पती पोस्टात होते. एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, ओसरीच्या पायरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माणसं जमवताय असं ऐकलं. मला नाटक आवडतं. मला काम द्या."

मी त्यांना वर बोलावलं. त्या बसल्या. मी म्हणाले, "दारावर तिकिटं बघायला थांबाल?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही, मुलाची चूक ओळखलेली शिक्षिका पाहते तसं.

"पाण्यावर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणी नाही."

"मग मला पाण्यावर ठेवा."

मला त्या का म्हणतात ते समजलं. उन्हाळ्याचे दिवस, बंद शेड, मध्यंतरात सगळा लोंढा माठांकडे धावायचा. त्यातल्या पुढच्या रांगांमधली घरं मला ठाऊक होती. मी म्हणाले, "कुणी काही बोललं तर?"

"बोलतील ना," त्या म्हणाल्या. "शाळेतही बोलले होते. आता बोलत नाहीत, पोरांच्या पाट्या तपासून घेतात माझ्याकडून. तुम्ही घाबरू नका, बाई. पाणी मी देणार आहे, तुम्ही नाही."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते रोग्याची नाडी पाहत होते. ती सोडल्यावर म्हणाले, "ठेवा. आणि कुणाला जागेवरून हलवायचं नाही. ना त्यांना, ना माठांना."

प्रयोगाच्या संध्याकाळी माठांना ओलं बारदान गुंडाळून त्या उभ्या राहिल्या. पांढरी सुती साडी, पदर खोचलेला. माझं लक्ष पहिल्या अंकात लागलंच नाही. मध्यंतर झालं, लोक उठले आणि माठांजवळ येऊन घोटाळले. पुढच्या रांगेतल्या एका आडतवाल्यांच्या घरच्या बाईंनी घेतलेला पेला तसाच पालथा ठेवला आणि त्या बाहेरच्या नळाकडे चालत्या झाल्या. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. मास्तरीणबाईंनी तो पेला उचलला, विसळला आणि पुन्हा भरला.

तेवढ्यात मागून एक पोरगी गर्दीतून वाट काढत आली. "बाई, तुमी इथं? बाई, मले पानी."

तिच्यामागे दुसरं पोर. मग आणखी. सगळी त्यांच्या शाळेतली. उकाड्यानं घामेजलेली ती पोरं बाईंना भेटल्याच्या आनंदात पाणी पिऊ लागली. एकानं दोनदा घेतलं. बाई त्यांना म्हणत होत्या, "रांगेत या, पेला दोन्ही हातांनी धरा." पोरांच्या आया मागे उभ्या. एकीनं पोराचा हात धरून मागे ओढायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिला. थोड्या वेळानं तिनं स्वतःही हात पुढे केला. बाईंनी तिला विचारलं, "घरी पाढे म्हणतो का हा?" ती म्हणाली, "म्हनते हो, बाई, पन साताच्या पाढ्यावर अडते."

सगळे प्याले असं मी म्हणणार नाही. नळाकडे जाणारे त्या वर्षी जातच राहिले, पुढच्या वर्षीही काही जण गेले. पण माठ रिकामे झाले, आणि दुसऱ्या अंकाची घंटा झाली तेव्हा मास्तरीणबाई पदरानं चेहरा पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दुसरा अंक संपेपर्यंत सोडला नाही.

त्या उन्हाळ्यात प्रयोग चांगले झाले. भाऊंचा पडदा बरोबर पडला, कारण दिग्दर्शकांनी शेवटच्या वाक्याला विंगेतून हात हलवायचं कबूल केलं होतं. पण मला त्यांचं ते डाव्या कानाचं बोलणं विसरता येत नव्हतं. शेवटच्या बैठकीत मी म्हणाले, "एक प्रयोग आपल्या माणसांसाठी करायचा. ज्यांनी पडदा ओढला, झगे शिवले, पाणी दिलं, ती सगळी समोर बसतील. घरच्यांना घेऊन. आणि त्या दिवशीची त्यांची कामं नटमंडळी करतील."

वकीलसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे आम्ही नाटक करायचं की सतरंज्या टाकायच्या?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले.

"वहिनी, याची गरज काय पण?" वकीलसाहेबांनी मला विचारलं.

मग मी त्यांना भाऊंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पडदा लवकर का पडला तेही सांगितलं. वकीलसाहेब ऐकत राहिले. चहाचा कप त्यांनी हातातच धरून ठेवला. शेवटी म्हणाले, "मला वाटलं होतं, त्यांचं लक्ष नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "ठीक आहे. सकाळी करू. ऊन चढायच्या आत."

रविवारी सकाळी शेडच्या खिडक्यांना बारदानं लावून अंधार केला. मी गेले तर वकीलसाहेब म्हाताऱ्याचा अर्धा रंग लावून, धोतर वर खोचून, सतरंजीचं टोक धरून उभे. दुसरं टोक नायिकेकडे. तेलगिरणीतले दोघे भाऊ नवे सदरे घालून दाराशी उभे होते आणि त्यांना आत यायला संकोच वाटत होता. "बसा ना," वकीलसाहेब म्हणाले, "पण आधी सांगा, ही सरळ कशी बसते? एक कोपरा दाबला की दुसरा उठतो." ते दोघे हसले आणि मदतीला धावणार एवढ्यात मी त्यांना अडवलं. "आज नाही," म्हटलं.

भाऊ बायकोला घेऊन आले. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पहिल्या रांगेत बसायला ती तयार होईना. शेवटी मास्तरीणबाईंनी तिला हाताला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

पडद्याचा दोर आमच्या ह्यांच्याकडे होता, कारण पोस्टमनचं काम दुसऱ्या अंकात होतं. तिसरी घंटा झाली. पडदा निम्मा उघडला आणि कप्पीत अडकला. ह्यांनी जोर लावला तसा तो आणखी तिरपा झाला. स्टेजवर वकीलसाहेब खुर्चीत बसलेले, त्यांची फक्त पावलं आणि काठी दिसत होती. भाऊ अर्धे उठले. बायकोनं त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. "बसा गुमान," ती म्हणाली, "आज तुमचं काम नाही."

शेडभर हसू पसरलं. आत पडद्याआड वकीलसाहेबही हसत असल्याचं ऐकू आलं. मग ते स्वतः खुर्चीवरून उठले, काठीनं पडदा वर सरकवला, परत जाऊन बसले आणि म्हातारे झाले.

नाटक सुरू झालं तसं हसणं थांबलं. झगे शिवणाऱ्या बायका आपापला झगा आला की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मध्यंतरात वकीलसाहेब रंगलेल्या चेहऱ्यानं तांब्या आणि पेले घेऊन रांगांमधून फिरले. मास्तरीणबाईंसमोर ते थांबले, पेला भरला आणि पुढे केला. "घ्या बाई."

"थोडं कमी भरा, सांडतंय," त्या म्हणाल्या. पेला रिकामा करून परत देताना त्यांनी विचारलं, "तुम्ही प्यालात का? घसा कोरडा पडलाय तुमचा, आवाजावरून कळतंय." वकीलसाहेब म्हणाले, "नाही अजून." त्यांनी त्याच पेल्यात पाणी ओतून घेतलं, तिथंच उभं राहून प्याले आणि पुढच्या रांगेकडे गेले. माझ्यासारखं ते सगळ्यांनी पाहिलं.

शेवटचा प्रवेश आला. लेक दारात आली. वकीलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मी मात्र भाऊंकडे पाहत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याची मूठ दोर धरल्यासारखी वळली होती. समोर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी ओळख नव्हती, मग हळूहळू आली. भाऊंची मूठ सुटली. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले, आणि ते पुसताना बायको पाहते आहे हे कळून पंचा तसाच तोंडावर धरून ठेवला.

नाटक संपल्यावर वकीलसाहेब खाली येऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. मग भाऊ म्हणाले, "साहेब, एवढा वेळ थांबा लागते, हे मले आज समजलं. तुमी अजून जराक थांबले तरी चालन."

वकीलसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "त्या दिवशी मी फार बोललो," एवढंच म्हणाले. भाऊंनी मान हलवली आणि बायकोकडे हात करून म्हणाले, "हे घरचे."

त्यानंतर हंगामाच्या शेवटी असा एक प्रयोग करायचाच, असा मंडळाचा पायंडा पडला. माणसं कमी पडली नाहीत. उलट लोक विचारू लागले की आम्हाला कधी घेता. मास्तरीणबाई आणि मी मिळून सगळं पाहायचो. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे त्यांच्या बरोबर लक्षात असायचं. माझ्यापेक्षा त्यांना नाही म्हणणं लोकांना जड जायचं.

मग त्यांच्या पतीची बदली बुलढाण्याकडच्या धाड गावी झाली. बाईंनाही तिकडच्या शाळेत जागा मिळाली. निरोप देताना आम्ही दोघी एसटी स्टँडवर उभ्या होतो आणि एकमेकींना नको तेवढ्या सूचना देत होतो. गाडी निघाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला तो वळणापर्यंत तसाच होता. घरी येऊन मी कणीक मळायला घेतली आणि मळता मळता रडले. ह्यांनी येऊन परात माझ्यापुढून काढून घेतली आणि स्वतः मळू लागले. पोळ्या त्या दिवशी दगडासारख्या झाल्या.

सहा-आठ महिन्यांनी बाईंचा निरोप आला. शाळेच्या पटांगणात मुलांचं एक लहान नाटक करतेय, या. मी, हे, भाऊ आणि त्यांची बायको असे चौघं एसटीनं धाडला गेलो. भाऊंनी बरोबर दोर आणि कप्पी घेतली होती. बाईंनी तिथंही माणसं जमवली होती. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका दुपारीच दुकानं आवरून आल्या होत्या आणि पटांगणावर पाणी शिंपडत होत्या. कोणी गोधड्या आणल्या होत्या बसायला, कोणी घरच्या खाटा. दोन लुगडी जोडून पडदा केला होता. भाऊ तो पाहून म्हणाले, "पडदा लई हलका हाय, उडन." त्यांच्या बायकोनं लगेच पडद्याच्या काठाला खडे बांधायला घेतले.

नाटक उजेड असतानाच आटोपलं. मग त्या बायकांनी भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली. आम्ही सगळे त्या गोधड्यांवरच गोल करून बसलो. बाई मला वाढत होत्या आणि मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. त्या थोड्या वाळल्या होत्या, पण आनंदात दिसत होत्या. माझ्या शेजारी एक म्हातारी माळीण बसली होती. तिनं बराच वेळ मला न्याहाळलं आणि विचारलं, "थो दोरवाला हाय, हे नट हायेत म्हने. अन् तू वं माय? तू काय करतं नाटकात?"

मी घास हातात घेऊन विचार केला. "मी माणसं बोलावते," मी म्हणाले.

"हाव का," ती म्हणाली, आणि तिच्या भाकरीतली अर्धी तोडून तिनं माझ्या ताटात ठेवली. "मंग पुढच्या बारीले मले बी बोलाव. माह्यापाशी दोन खाटा हायेत."